सिगारेटच्या यंत्राआधीची सुरी

तुम्ही संशोधनाचा प्रस्ताव लिहायच्या तयारीत असाल, तर आधी एक छोटं काम करा. तुमच्या विषयातली सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट एका वाक्यात कागदावर लिहून काढा. त्या विषयावरचं कुठलंही पुस्तक उघडलं की पहिल्या वीस-पंचवीस पानांत जे वाक्य हमखास भेटतं, ते.

माझं वाक्य असं होतं : १८८१ साली जेम्स बॉन्सॅक या व्हर्जिनियातल्या तरुणानं सिगारेट वळणाऱ्या यंत्राचं पेटंट मिळवलं, जेम्स ड्यूकनं ते यंत्र आपल्या कारखान्यात बसवलं आणि सिगारेट स्वस्त होऊन जगभर पोचली.

वाक्यात चूक काहीच नाही. मी तंबाखू उद्योगातल्या यंत्रांच्या इतिहासावर पीएचडी करतेय, आणि पहिलं दीड वर्ष मी हे एकच वाक्य निरनिराळ्या शब्दांत लिहीत होते, हे आता कबूल करायला हरकत नाही. मग एका सेमिनारमध्ये कापडगिरण्यांवर काम केलेल्या एका ज्येष्ठ सरांनी विचारलं, "यंत्रात काय घालायचे?" मी म्हटलं, "तंबाखू." ते म्हणाले, "पान घालायचे? भुकटी? कशी चिरलेली? किती ओली?" मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. सर शांतपणे म्हणाले, "गिरणीच्या इतिहासात कापूस पिंजण्याचं खातं वगळून नुसतं सूतकताईबद्दल लिहिलं, तर मुंबईचा कोणीही जुना कामगार हसेल. तुमच्या तंबाखूचं पिंजण कुठाय?"

हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं आजवर जमलेलं उत्तर आहे.

आधी यंत्र थोडक्यात पाहू, कारण ती माहिती तुम्हाला कुठेही मिळेल. रिचमंडच्या ॲलन अँड गिंटर या कंपनीनं चालू शकेल अशा यंत्रासाठी ७५,००० डॉलरचं बक्षीस लावलं होतं, असं सांगतात. बॉन्सॅक त्या वेळी विशीच्या आसपासचा होता. त्याच्या वडिलांची लोकरीची गिरणी होती आणि लोकर पिंजण्याच्या यंत्रावरून त्याला कल्पना सुचली, अशीही एक गोष्ट प्रचलित आहे. (सेमिनारमधल्या सरांना हे नंतर सांगितलं तेव्हा ते नुसतं हसले.) मार्च १८८१ मध्ये त्याला २३८६४० क्रमांकाचं अमेरिकन पेटंट मिळालं. हातानं वळणारा सराईत कारागीर मिनिटाला चारेक सिगारेटी करायचा. हे यंत्र मिनिटाला दोनशे, म्हणजे दहा तासांच्या पाळीत एक लाख वीस हजार करू शकत होतं. बक्षीस लावणाऱ्या कंपनीनं मात्र ते स्वीकारलं नाही. नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅम गावच्या ड्यूकनं १८८४ मध्ये यंत्रं भाड्यानं घेतली, विल्यम ओब्रायन हा मेकॅनिक त्यांच्यामागे लागला, आणि ३० एप्रिल १८८४ रोजी यंत्र पूर्ण पाळीभर नीट चाललं, अशी नोंद ड्यूकच्या इतिहासात मिळते. ब्रिटनचे हक्क त्याआधीच, १८८३ मध्ये, ब्रिस्टलच्या डब्ल्यू. डी. अँड एच. ओ. विल्स कंपनीनं घेतले होते.

आता हे पेटंट स्वतः वाचा. खरंच वाचा. जुनी पेटंटं नेटवर फुकट मिळतात आणि इतिहासाचे विद्यार्थी ती फारशी उघडत नाहीत, कारण आकृत्या बघून भीती वाटते. आकृतीत काय दिसतं? वरून तंबाखू येते, दातेरी रूळ ती विस्कटून तिचा एकसारखा पातळ प्रवाह करतात, खालून कागदाची अखंड पट्टी धावते, कागद तंबाखूभोवती गुंडाळला जाऊन नळी बनते, कडेला चिकी लागते आणि शेवटी सुरी त्या लांबच लांब कांडीचे तुकडे करते. पेटंटची गोष्ट सुरू होते ती चिरलेल्या तंबाखूपासून. तंबाखू चिरली कोणी, कशी, त्याचा तिथे प्रश्नच येत नाही. शोध लावणाऱ्याला तो प्रश्न नव्हता. इतिहास लिहिणाऱ्यांनी पेटंटच्याच चौकटीत बसून लिहिलं, म्हणून त्यांनाही पडला नाही. आल्फ्रेड चँडलरच्या 'द व्हिजिबल हँड' (१९७७) या उद्योग-इतिहासाच्या गाजलेल्या पुस्तकात बॉन्सॅकचं यंत्र मोठ्या उत्पादनाचं ठळक उदाहरण म्हणून येतं. नॅन एन्स्टॅडनं 'सिगारेट्स, इन्क.' (२०१८) मध्ये ड्यूक आणि यंत्राभोवतीच्या या दंतकथेला चांगलाच धक्का दिला. तरी माझा प्रश्न थोडा वेगळा होता. मला पानापासून यंत्राच्या तोंडापर्यंतचं अंतर मोजायचं होतं.

हातानं सिगारेट वळणारा माणूस नेमकं काय करायचा, याचा विचार करा. तो चिमूटभर तंबाखू उचलायचा. एखादा गोळा असेल तर बोटांनी सोडवायचा. जाड काडी लागली तर काढून टाकायचा. तंबाखू जरा कोरडी असेल तर हलक्या हातानं दाबायचा, ओली असेल तर सैल ठेवायचा. म्हणजे तंबाखूतला प्रत्येक दोष त्याची बोटं जागच्या जागी दुरुस्त करत होती. यंत्राला बोटं नव्हती. मिनिटाला दोनशेच्या वेगानं जाणाऱ्या प्रवाहात गोळा आला की कांडी तिथे घट्ट, पुढे पोकळ. काडी आली की कागद फाटला. कागद फाटला की यंत्र थांबलं.

माझा मुद्दा असा की बोटं कारखान्यातून गेली, पण बोटांचं काम गेलं नाही. ते मागे सरकलं : पानाची शीर काढण्याच्या खात्यात, भिजवण्याच्या खात्यात आणि सगळ्यात जास्त चिरण्याच्या खात्यात.

चिरण्याआधी शिरेचं बघू. व्हर्जिनिया जातीच्या तंबाखूचं पान मोठं असतं, हातभर लांब, आणि त्याच्या मधोमध जाड शीर असते. वाळलेल्या पानाच्या वजनात साधारण पाव हिस्सा या शिरेचा असतो. तुर्की किंवा मॅसेडोनियाकडच्या तंबाखूचं पान इतकं लहान आणि शीर इतकी नाजूक असते की ती काढायची गरजच पडत नाही. अख्खं पान अगदी बारीक चिरलं की झालं. अमेरिकन पानाचं तसं नाही. शिरेसकट चिरलं तर शिरेचे गोल चकत्यांसारखे तुकडे पडतात. पाइपच्या तंबाखूत ते चालायचे. त्या चकत्या पक्ष्याच्या डोळ्यासारख्या दिसतात म्हणून विल्सच्या तंबाखूंत 'बर्ड्स आय' नावाचा प्रकारच होता आणि तो लोकप्रिय होता. तोच तुकडा सिगारेटमध्ये आला की पातळ कागदाला टोचतो. एका मालात जी खासियत, ती दुसऱ्या मालात खोट. 'गुणवत्ता' हा शब्द तुमच्या प्रस्तावात कुठे आला असेल तर त्याच्याखाली आत्ताच पेन्सिलनं रेघ मारून ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

शीर काढलेली पानं मग ओलसर करायची. कोरडं पान सुरीखाली चुरडतं आणि त्याची धूळ होते. फार ओलं असलं तर काप एकमेकांना चिकटून गड्डीच्या गड्डी तशीच बाहेर येते, वहीची पानं चिकटावीत तशी. म्हणून चिरताना पाण्याचं प्रमाण शेकडा वीसच्या आसपास ठेवतात आणि चिरल्यावर वाळवून ते तेरा-चौदाच्या घरात आणतात. वाळवणं हे नुसतं वाळवणं नसतं. लवकर आणि गरम हवेत वाळवलं की काप आकसतो, मुरडतो, कुरळा होतो. कुरळे काप एकमेकांना अडून बसतात आणि कमी वजनात जास्त जागा भरतात. कारखान्यात याला 'फिलिंग पॉवर' म्हणतात, म्हणजे भरण्याची ताकद. हा शब्द लक्षात ठेवा, सगळा हिशेब त्याच्यावर चालतो.

आता सुरी. चिरण्याच्या जुन्या यंत्रात ओलसर पानं दोन पट्ट्यांमध्ये दाबत दाबत पुढे नेली जात. पट्ट्या पुढे अरुंद होत जायच्या, त्यामुळे तोंडाशी येईपर्यंत पानांची घट्ट वडी तयार व्हायची. इंग्लिश कामगार तिला 'चीज' म्हणत. तोंडाशी पातं वर-खाली व्हायचं आणि प्रत्येक फटक्याला वडी थोडीशी पुढे सरकायची. किती पुढे, त्यावर कापाची रुंदी ठरते. ही रुंदी इंचाला किती काप अशी मोजायची पद्धत आहे. इंचाला ३० काप म्हणजे एक काप साधारण ०.८५ मिलिमीटरचा. सिगारेटचा व्यास आठेक मिलिमीटर धरला, तर तुमच्या लक्षात येईल की त्या नळीत आडवे जेमतेम दहा काप शेजारी शेजारी बसतील. इतक्या कमी जागेत दशांश मिलिमीटरलाही किंमत येते.

वरवर बघता हे स्वयंपाकघरातल्या विळीचं गणित आहे : बारीक चिरा किंवा जाड चिरा. पण खरं दुखणं रुंदीत नव्हतं, ते वडीत आणि पात्यात होतं. वडी नीट दाबलेली नसेल तर पातं पान कापत नाही, ओढून उपसतं, आणि चिरलेल्या मालात अर्धवट पानांचे फाटके तुकडे येतात. वडी जास्त दाबली तर पानाचा रस सुटतो, रंग काळवंडतो, काप सुटे होत नाहीत. पातं बोथट झालं की कापण्याऐवजी चेचतं आणि धूळ वाढते. आणि तंबाखूवर शेतातली माती, वाळू असतेच, त्यामुळे पातं फार लवकर बोथट होतं. यंत्र थांबवून पातं बदलायचं, धार लावायची, परत चालू करायचं. म्हणजे ताज्या पात्याखालून निघालेला माल आणि बदलायच्या आधीचा शेवटचा माल एकाच दिवशी, एकाच पानाचा असूनही वेगळा. पुढे फिरत्या ढोलावर पाती बसवलेली आणि चालता चालता आपोआप धार लावणारी यंत्रं आली, ती मुख्यतः या कटकटीतून सुटण्यासाठी. वेग वाढला हा फायदा होताच, पण माल सकाळ-संध्याकाळ एकसारखा निघू लागला, ही मला त्याहून मोठी गोष्ट वाटते.

मग बारीक चिरणं चांगलं की जाड? मी सुरुवातीला समजत होते की जितकं बारीक तितकं उत्तम. तसं नाही. बारीक काप एका मर्यादेपर्यंत नळी जास्त चांगली भरतो, सिगारेट टणक लागते, धुरासाठी वाट सगळीकडे सारखी राहते. पण बारीक काप तुटतोही लवकर. तुटलेले आखूड तुकडे एकमेकांना धरून राहत नाहीत, ते सिगारेटच्या तोंडातून गळतात. पाकिटाच्या तळाशी जो चुरा साठतो तो हाच. उलट काप फार लांब राहिले तर ते गुंतून त्यांचे पुंजके होतात, आणि पुंजके म्हणजे पुन्हा तीच एका जागी घट्ट, एका जागी सैल कांडी. घट्ट सिगारेट ओढताना दम लागतो. सैल असेल तर भराभर जळते आणि जळतं टोक अंगावर पडायची भीती. म्हणजे रुंदी एकटी काही ठरवत नाही. रुंदी, लांबी, ओल आणि कापाची मुरड यांचा तोल लागतो.

इथे लांबीचा प्रश्न मला परत शिरेच्या खात्यात घेऊन गेला, आणि माझ्या प्रबंधाची दिशा तिथे बदलली.

कापाची रुंदी सुरी ठरवते. लांबी मात्र सुरी ठरवत नाही, ती सुरीखाली आलेल्या पानाच्या तुकड्याच्या आकारावर अवलंबून असते. अर्ध्या पानाचा सलग तुकडा आला तर काप लांब. पान आधीच चिंधड्या होऊन आलं तर काप आखूड, मग सुरी कितीही चांगली असो. म्हणून शीर कशी काढली याला महत्त्व. हातानं शीर ओढून काढली की पानाचे दोन सलग अर्धे भाग मिळतात. हे काम कोण करायचं? अमेरिकेच्या दक्षिणेत मुख्यतः काळ्या स्त्रिया. धुळीनं भरलेल्या बंद खोल्यांत, उद्योगातल्या सगळ्यात कमी मजुरीवर. सिगारेटच्या यंत्रांवर बहुतेक गोऱ्या स्त्रिया काम करायच्या. कामाची ही वाटणी वर्णावरून होती आणि ती कारखान्याच्या इमारतींतही दिसायची. नॅनी मे टिली यांचं पिवळ्या तंबाखूच्या उद्योगावरचं १९४८ चं जाडजूड पुस्तक पानाच्या प्रवासाबद्दल खूप सांगतं. पण शीर काढणाऱ्या बायका माणसं म्हणून समोर आल्या त्या मला रॉबर्ट कोर्स्टॅडच्या 'सिव्हिल राइट्स युनियनिझम' (२००३) मध्ये.

कोर्स्टॅडची गोष्ट विन्स्टन-सेलमची आहे. १७ जून १९४३. आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीच्या ६५ नंबरच्या कारखान्यात शीर काढण्याच्या खात्यातल्या स्त्रियांनी काम थांबवलं. तोवर तिथे शीर कापणारी यंत्रं आली होती, स्त्रिया त्यांत हातानं एकेक पान सरकवायच्या आणि यंत्राचा वेग वाढत चालला होता. त्या यंत्रांकडे पाठ करून बसल्या. त्याच दिवशी त्या कारखान्यातला एक काळा कामगार कोसळून मरण पावला आणि संप इतर खात्यांत, मग इतर कारखान्यांत पसरला. काही दिवसांत हजारो कामगार बाहेर आले. त्यातून उभी राहिलेली 'लोकल २२' ही युनियन गावातल्या काळ्या नागरिकांच्या मतनोंदणीपर्यंत पोचली. शीर काढणारं खातं बंद पडलं की पुढची सगळी खाती थांबतात. सुरीला पान नाही, यंत्राला काप नाही. या स्त्रियांना आपली जागा नेमकी कुठे आहे हे चांगलं माहीत होतं. इतिहासकारांना ते कळायला बराच वेळ लागला.

यानंतरच्या वर्षांत कंपन्यांनी हे खातं झपाट्यानं यांत्रिक केलं आणि त्या स्त्रियांच्या नोकऱ्या आधी गेल्या. विसाव्या शतकाच्या मध्यापासून मळणीची पद्धत रुळली. पान फिरत्या दातांनी झोडपायचं, पापुद्रे शिरेपासून सुटतात, मग हवेच्या झोतात हलके पापुद्रे वर जातात आणि जड शिरा खाली पडतात. आपल्याकडे वारं बघून धान्य उफणतात तसंच, बंद पेटीतलं. मजुरी वाचली. पण पान सलग राहिलं नाही, तुकडे झाले, आणि आखूड कापांचा प्रश्न पुढच्या खात्याच्या गळ्यात पडला. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण या एका साखळीबद्दल आहे : मजुरीचा प्रश्न एका खात्यात सोडवला की तो गुणवत्तेचा प्रश्न बनून दुसऱ्या खात्यात उगवतो.

पुढच्या खात्यानं मग काय केलं? कांडी बनवण्याची पद्धतच बदलली. तंबाखू हवेनं ओढून एका सच्छिद्र पट्ट्याला चिकटवायची, जरा जास्तच घालायची आणि फिरत्या चकत्यांनी जादा भाग छाटून टाकायचा. चकत्यांना खाचा ठेवल्या, म्हणजे जिथे सिगारेट तुटणार तिथे मुद्दाम थोडी जास्त तंबाखू राहील आणि टोकं गळणार नाहीत. आखूड कापांवरचा हा उपाय मला फार हुशार वाटतो, हे मान्य करते. कांडीत किती माल आहे हे मोजायला किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम-९० वापरणारे मापक बसवले. बीटा किरण कांडीतून किती आरपार जातात त्यावरून वजन कळतं आणि छाटणी आपोआप कमी-जास्त होते. शिरासुद्धा फेकून द्यायच्या बंद झाल्या. त्या वाफवून, रुळाखाली चपट्या करून, पानापेक्षाही कितीतरी बारीक चिरून मालात मिसळल्या जाऊ लागल्या. धुळीचा लगदा करून त्याचे कागदासारखे ताव बनवले आणि तेही चिरले. १९७० च्या दशकात तंबाखू फुगवायची तंत्रं पसरली. आधी फ्रिऑनसारखा वायू, नंतर कार्बन डायऑक्साइड कापात मुरवून एकदम उष्णता द्यायची, की काप लाहीसारखा फुलतो. तीच नळी आणखी कमी तंबाखूत भरते.

यामागचा हिशेब सोपा आहे. एका सिगारेटमागे ०.०१ ग्रॅम तंबाखू वाचली, तर शंभर कोटी सिगारेटींमागे दहा टन वाचते. आणि शंभर कोटी हा आकडा मोठ्या कंपनीसाठी फार मोठा नाही.

आता त्या रेघ मारलेल्या शब्दाकडे या. गुणवत्ता. इथपर्यंत मी हा शब्द कारखान्याच्या अर्थानं वापरला : कांडी टणक हवी, वजन सारखं हवं, टोकं गळू नयेत, ओढताना अडू नये. ही यादी वाचून तुम्हाला काही खटकलं का? मला बरेच महिने खटकलं नव्हतं. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांचा फुप्फुसाचा कर्करोग आणि धूम्रपान यांच्या संबंधावरचा निबंध 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये सप्टेंबर १९५० मध्ये आला. म्हणजे ज्या काळात कारखान्यात सिगारेटमधली तंबाखू किरणांनी मोजायची सोय होत होती, त्याच काळात ती सिगारेट माणसाला काय करते हेही मोजलं जात होतं. पहिलं मोजमाप गुणवत्तेच्या खात्यात गेलं. दुसरं कंपन्यांनी अनेक दशकं नाकारलं. तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना आपण अभियंत्यांच्या शब्दांत इतके रमतो, की त्यांचे निकष आपले होऊन जातात. मी सेमिनारमध्ये एकदा 'गुणवत्तेत सुधारणा' असं सहज बोलून गेले, तेव्हा एका मैत्रिणीनं विचारलं, "कोणासाठी?" आता मी लिहिताना 'कारखान्याच्या दृष्टीनं' हे शब्द जोडते. वाक्य थोडं बोजड होतं, होऊ दे.

तुम्ही विचाराल, हे सगळं कळलं कुठून? पेटंटांचं सांगितलंच. विल्सबद्दल बी. डब्ल्यू. ई. आल्फर्ड यांचं १९७३ चं पुस्तक कंपनीच्या कागदपत्रांवर उभं आहे. पण खरा खजिना वेगळाच. १९९८ मध्ये अमेरिकेतली राज्यं आणि सिगारेट कंपन्या यांच्यात जो समझोता झाला, त्यात कंपन्यांना आपले अंतर्गत कागद खुले करावे लागले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेनं ते ऑनलाइन ठेवले आहेत, कोट्यवधी पानं, आणि पुण्यात किंवा लातुरात बसून फुकट वाचता येतात. आरोग्याचे अभ्यासक तिथे निकोटिन, जाहिरात, लहान मुलं असे शब्द शोधतात, आणि ते योग्यच आहे. मी मात्र कापाची रुंदी, फिलिंग पॉवर, टोकांची गळती असे कंटाळवाणे शब्द घालते. कंटाळवाण्या कागदांत माणसं सावध नसतात, म्हणून ते मला जास्त उपयोगी पडतात.

एक गोष्ट राहिली. माझं आजोळ निपाणीकडचं. आजी ऐन तरुणपणी तंबाखूच्या वखारीत चाळणीवर होती. मी काय शिकतेय हे तिला सांगितलं, तर तिला कळेना की तंबाखू चिरायची कशाला. कारण बिडीची तंबाखू चिरत नाहीत. पान रानातच उन्हात वाळवायचं, मग बडवून, चुरून, चाळून त्याचा जर्दा करायचा. बारीक चपटे कण. हा जर्दा सिगारेटच्या यंत्रात घातला तर कागदाच्या नळीतून भसाभस सांडेल. बिडीत सांडत नाही, कारण बिडी वळणारी बाई तेंदूपानाचं तोंड दुमडून बंद करते. टोकं गळण्याचा जो प्रश्न सिगारेटवाल्यांनी खाचांच्या चकत्या आणि स्ट्रॉन्शियम लावून सोडवला, तो इथे दोन बोटं सोडवतात, दिवसाला शेकडो वेळा. आणि त्या बोटांचा खर्च मजुरीत किती कमी धरला जातो, हे विडी कामगारांवरचा कुठलाही अहवाल वाचलात तर कळेल.

आजीला मी विचारलं, चाळणीवर काम करताना चांगला जर्दा ओळखायचीस कसा? ती म्हणाली, "हातात घेतला की कळायचं." मग थोड्या वेळानं म्हणाली, "खोकला यायचा तो बारीक धुळीनं. जाड मालाला एवढा येत नसे." हे मी वहीत टिपून ठेवलं आहे. विन्स्टन-सेलमच्या मुलाखतींत धुळीबद्दल स्त्रिया काय बोलल्या आहेत, ते आता याच्या शेजारी ठेवून वाचायचं आहे. ते प्रकरण अजून लिहून व्हायचंय.